खंय वता टीचर

रात्रभर पाऊस लागून राहिला असला की सकाळी माझा फोन वाजणार हे ठरलेलं. मी आता पेडण्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. टीचर निवृत्त होऊन डिचोलीकडच्या आपल्या घरी असतात. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "बाय, तुझ्या शाळेमागचा ओहोळ कसा आहे? पाणी कुठल्या रंगाचं?"

"गढूळ आहे टीचर, पण तांबडं नाही."

 मग, "बरं. मुलांना नेऊन दाखव," आणि फोन बंद. हा फोन आला की दिवसभर मी ओहोळाकडे बघत राहते, आणि भर पावसात तो आला नाही तर दुपारपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नाही. टीचरांनी मला दिलेलं हे दुखणं आहे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या प्रत्येकाला ते थोडंफार जडलेलं आहे.

आमच्याकडे गोव्यात शिक्षिकेला टीचर म्हणतात आणि तिचं खरं नाव हळूहळू मागे पडतं. यांचं तर मुलांनीच दुसरं नाव ठेवलं होतं, 'खंय वता टीचर'. कोणीही काही टाकताना दिसलं की त्या जवळ जाऊन, आवाज न चढवता विचारत, "हें खंय वता?" म्हणजे, हे आता कुठे जातं? वेफर्सचं पाकीट असो, पेनाची रिकामी कांडी असो की हात धुतलेलं पाणी असो. "कचऱ्यात" हे उत्तर चालत नसे. "आणि कचरा खंय वता?" गाडी घेऊन जाते. "आणि गाडी?" अशा रीतीने मूल शेवटी गप्प होई आणि टाकलेली वस्तू पुन्हा खिशात घाली. मुलांचं ठीक होतं. त्या हे मुख्याध्यापकांनाही विचारत, आणि एका लग्नात जेवणं चालू असताना मांडवामागे जाऊन त्यांनी आचाऱ्यालाही विचारलं होतं. नवऱ्या मुलीचा मामा त्यांना बाजूला घेऊन जाताना मी पाहिला आणि पानावरून उठले.

अंगाने किरकोळ, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि त्या पिशवीत घडी घातलेली दुसरी पिशवी. खालचा ओठ दातांत धरायची सवय होती, त्यामुळे तो कायम सोललेला असे. आम्ही दोघी तेव्हा एकाच शाळेत, आणि तिथे जायला त्या माझ्या स्कूटरवर मागे बसत. वाटेत खनिज वाहणाऱ्या टिपर-ट्रकांची रांग लागली, की मागून माझ्या खांद्यावर बोट टेकत आणि म्हणत, "इंजीन बंद कर." रांग हातभर पुढे सरकली की पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागचे लोक हॉर्न वाजवत. मी तेव्हा कंत्राटावर होते, दर वर्षी माझं काम राहणार की जाणार हे शेवटपर्यंत कळत नसे, आणि रोज उशिरा पोचायची भीती. टीचर मात्र पदराने नाक झाकून शांतपणे बसलेल्या.

शाळा डिचोलीपासून थोडी आत, खाणीच्या डोंगराच्या पायथ्याशी. गाव कुठला ते सांगत नाही. पट रोडावत चाललेला, त्यामुळे शाळा दुसऱ्या शाळेला जोडून टाकतील ही टांगती तलवार होतीच. खाण काही वर्षं बंद राहून नुकती परत सुरू झालेली. गावातल्या बऱ्याच बापांना पुन्हा काम मिळालं होतं, आणि ते पुन्हा जाऊ नये म्हणून लोक खाणीबद्दल बरंवाईट काहीच बोलत नसत. अशा ठिकाणी टीचर विज्ञान शिकवत. पुस्तकातला पर्यावरणाचा धडा त्यांनी कधी वाचून दाखवला नाही. "वाचून काय होणार? हात मळले पाहिजेत," असं म्हणत. मुख्याध्यापकांनी मला एकदा बाजूला बोलावून सांगितलं, "तुम्ही त्यांच्या शेजारच्या वर्गात असता. जरा लक्ष असू द्या." कशावर लक्ष ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मग मी सगळ्यावरच ठेवू लागले.

त्या वर्षी पहिलं काय झालं, तर टीचरांनी सहावीच्या मुलांकडून शाळेमागे खड्डे खणून घेतले. एकात केळीची साल, एकात सुती चिंधी, एकात उंड्याचा, म्हणजे कडक पावाचा तुकडा, एकात लिंबू, एकात वेफर्सचं पाकीट. खुणेसाठी प्रत्येक खड्ड्यावर काठी रोवली आणि तिला फडक्याचा तुकडा बांधला. फडकं लाल होतं, कारण घरात तेच जुनं सापडलं. नेमकी त्या दिवशी अमावास्या होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पंधरा दिवसांनी गवत कापायला आलेल्या एका बाईने काठ्या पाहिल्या, लाल फडकी पाहिली, एक काठी हलवून लिंबूही पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की शाळेत कोणीतरी करणी केली आहे.

सकाळी फाटकाशी माणसं जमलेली. मुख्याध्यापक रुमालाने मान पुसत उभे. मी स्कूटर लांबच लावली. टीचर खाली उतरल्या, सगळं ऐकून घेतलं आणि सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या माणसापुढे खोरं धरलं. "उकरून बघा."

तो मागे सरला. कोणीच पुढे होईना. मग त्यांनी स्वतःच उकरलं. माणसं लांबून माना उंच करून बघत होती. केळीची साल ओळखू येईना, उंड्याला मुंग्या लागलेल्या, लिंबावर हिरवी बुरशी. शेवटी त्यांनी पाकीट बाहेर काढलं आणि झटकलं. ते नव्यासारखं चकाकत होतं.

"लिंबू दोन महिन्यांत मातीत जाईल," त्या म्हणाल्या. "तुमची नातवंडं म्हातारी झाली तरी हे इथेच असेल. करणी म्हणायची तर याला म्हणा."

लोक गेले. काहीजण हसलेही. टीचर स्टाफरूममध्ये आल्या, खुर्चीत बसल्या, आणि तेव्हा मी पाहिलं की खोरं त्यांनी अजून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मला वाटत आलं होतं की या बाईला भीती ठाऊक नाही. त्या दिवशी कळलं, की आमच्यापैकी सर्वांत जास्त भ्यालेली बाई हीच आहे. पुढे एका पावसाळी दुपारी त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या लहानपणी डोंगरावरच्या खाणीची माती पावसात खाली आली आणि त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत एका रात्रीत तांबड्या चिखलाखाली गेलं. "आवाज झाला नाही गो काही. उठून बघितलं तर शेत नव्हतं." एवढंच. पण त्यानंतर त्या कशाकडे बघत आणि काय ऐकत हे मला थोडं समजू लागलं.

जुलैत त्यांनी बाटल्यांचा उद्योग काढला. प्रत्येकाने घरी जे पाणी पितात ते बाटलीतून आणायचं, वर्गाच्या जनेलात, म्हणजे खिडकीत ठेवायचं आणि काय होतं ते रोज बघायचं. बाटली काचेचीच हवी. आता गोव्यातल्या घरात काचेची बाटली कशाची असते हे लहान पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी सहावीच्या जनेलात बियरच्या, फेणीच्या, रमच्या बाटल्या ओळीने उभ्या, काहींची लेबलं अर्धवट सोललेली. आणि त्याच आठवड्यात तपासणीचे अधिकारी आले. त्यांनी एक बाटली उचलून वास घेतला, मुख्याध्यापकांकडे बघितलं, आणि टीचरांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही घरी कुठलं पाणी पिता? उद्या आणाल?" ते हसले म्हणून निभावलं. माझ्या मात्र त्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या ओळी वाकड्यातिकड्या आल्या.

पण खरी गोष्ट त्या बाटल्यांमधून पुढे निघाली.

बहुतेकांचं पाणी थोड्या दिवसांत निवळलं. सानिका म्हणून एक मुलगी होती, वरच्या वाड्यावरची. शांत, पहिल्या बाकावर बसणारी, टीचरांचा शब्द झेलणारी. आई नव्हती. बाप टिपर चालवायचा, घरी आजी. त्या वाड्यावर नळ होते पण पाणी तिथपर्यंत चढत नसे, म्हणून सगळे विहिरीचंच पीत. तिच्या बाटलीच्या तळाशी बोटभर तांबडा गाळ बसला. मुलं तिला 'सानिकाची चाय' म्हणू लागली. हसणं थांबवायला म्हणून टीचर तिच्या बाजूने बोलायला गेल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "हसू नका. हा गाळ ती रोज पिते. पोटात गेल्यावर हें खंय वता, विचार करा."

मधे लाकडी फळ्यांची भिंत. मी पलीकडून ऐकलं. पलीकडचं हसणं थांबलं.

मग सप्टेंबरात सानिका विकतच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली आणू लागली. टीचरांच्या वर्गाचा नियम असा, की दारात एक निळी बालदी ठेवलेली असे. जे काही प्लास्टिकचं असेल ते सकाळी तिच्यात टाकायचं आणि घरी जाताना परत न्यायचं. सानिका रोज सकाळी आपली भरलेली बाटली त्या बालदीत ठेवी आणि जाताना घेऊन जाई. टीचर एकदा तिला म्हणाल्याही, "तू पण? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." ती मान खाली घालून उभी राहिली. शाळेत पाण्याचं पिंप होतं, ते शाळेच्या विहिरीवरून भरायचं. ती विहीर त्याच डोंगराखालची. सानिका त्यालाही हात लावत नव्हती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवसभर ती काही पीत नव्हती.

पाऊस ओसरून ऊन कडक झालं होतं. मैदानात कवायत चालू असताना ती उभीच्या उभी कोसळली. डोक्याला खोक पडली. रक्त बघून मुलं पांगली. टीचरांनी तिला उचललं, कोणाच्या तरी गाडीत घातलं, आणि मी स्कूटरवरून मागोमाग आरोग्य केंद्रात पोचले. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, "जखम किरकोळ आहे. पण हिच्या अंगात पाणीच नाही. किती दिवस चाललंय हे?"

आजी तोवर आली होती. तिने सांगितलं, की पोर घरी पाणी पीत नाही, चहा पीत नाही, भातावर डाळ घेत नाही, डाळीत पाणी असतं म्हणून. शहाळं किंवा बाटलीचं पाणी असेल तरच. बाप परवडेल तसं आणून देतो. "पोटांत माती वता म्हणटा," आजी म्हणाली. "कोणें सांगलां तिका, देवाक खबर."

टीचर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बाप आला तो टिपरवरून तसाच, केसांत भुवयांत तांबडी धूळ. त्याने मुलीच्या पायांवरून हात फिरवला आणि मग टीचरांकडे वळला. मी मनात म्हटलं, आता हा काय बोलेल ते बोलेल, उद्या पालकांची सभा, परवा मेमो. पण तो भांडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "टीचर, नेम तुमचो बरो. पूण म्हज्या चेडवान दीसभर उदक पिऊंक ना." म्हणजे, नियम चांगला, पण माझी पोर दिवसभर पाण्यावाचून राहिली. मग, "म्हाका एक सांगात. उदक वायट म्हणून सांगल्यार ती पिना. बरें म्हणून सांगल्यार ती फट जाता. मग बापायन सांगचें कितें?"

पाणी वाईट म्हटलं तर पोर पीत नाही, चांगलं म्हटलं तर ते खोटं. बापाने सांगायचं काय? टीचरांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी निळी बालदी दारात नव्हती. टीचर रजेवर. सानिकाच्या विहिरीचं पाणी घेऊन त्या स्वतः पणजीला तपासायला देऊन आल्या. निकाल लागेपर्यंतचे ते दिवस मला अजून नको वाटतात. टीचर शिकवत, पण मधेच वाक्य विसरत. मधल्या सुट्टीत मला विचारत, "पाण्यात काही निघालं तर? तो बाप काय करेल? काम सोडेल? विहीर सोडेल? जाईल कुठे?"  आणि काही निघालं आणि टीचरांनी ते गावात बोलून दाखवलं तर गाव काय करेल, हे मी त्यांना विचारू शकत नव्हते. माझ्या डोक्यात मात्र तेच.

तेवढे दिवस त्या आपल्या घरच्या विहिरीचं पाणी उकळून तांब्याच्या कळशीतून आणत. बसने यायच्या, स्कूटरवर कळशी सांडेल म्हणून. मधल्या सुट्टीत सानिकाला बोलावत, आधी आपण एक पेला पीत, मग तिला देत. पहिल्या दिवशी तिने पेला हातात घेऊन बराच वेळ आत बघितलं.  घंटा झाली तरी टीचर तिथेच बसून राहिल्या. मग तिने एक घोट घेतला.

निकाल आला. गाळ फार, जंतूही आहेत, बाकी खाणीतल्या ज्या धातूंची टीचरांना धास्ती होती ते मर्यादेच्या आत. गाळून आणि उकळून प्यायला हरकत नाही, पावसाळ्यानंतर दरवर्षी तपासावं. मला हायसं वाटलं. टीचरांना नाही. "या वर्षीचं झालं हे," त्या म्हणाल्या. "चल, त्यांच्या घरी जाऊ."

शनिवार होता, शाळा लवकर सुटली होती. आम्ही पोचलो तशी आजीने रीतीप्रमाणे आधी पाण्याचे दोन पेले पुढे केले. आमच्याकडे दारी आलेल्याने पाणी नाकारणं म्हणजे घर नाकारणं. सानिका दाराशी उभी राहून टीचरांच्या हाताकडे बघत होती. पाणी पिवळसर होतं.  टीचरांनी पेला घेतला, कपाळाला लावला आणि खाली ठेवला. "आजी, हेंच उदक पितलें. पूण मात्शें कश्ट करून." पिणार हेच पाणी, पण थोडे कष्ट घेऊन. मग त्या सानिकाकडे वळल्या. "इकडे ये. मी एकटी करणार नाही."

आजीकडून दोन जुनी मडकी मागून घेतली. एकाच्या बुडाला भोक पाडलं, त्यावर फडक्याची घडी, मग चुलीतल्या कोळशाचा चुरा, मग वाळू, वर गोटे. वाळू धुवायचं काम माझ्याकडे. कोळसा सानिकाने कुटला. वर विहिरीचं पाणी ओतलं आणि आम्ही चौघीजणी खालच्या मडक्यात काय पडतं ते बघत बसलो.

पहिलं पाणी काळंकुट्ट आलं.

सानिकाचं तोंड एवढंसं झालं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. टीचरांनीही ओठ दातांत धरला. मला वाटलं, आता संपलं, ही पोर पुन्हा पाण्याकडे बघणार नाही. "कोळसा धुतला नाही आपण," टीचर शेवटी म्हणाल्या. "माझी चूक. पुन्हा." सगळं ओतून काढलं, कोळसा धुतला, पुन्हा थर रचले. या वेळी करडं आलं. मग फिकट. मग आजीने चष्मा पुसून पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं. पाणी उकळलं, बालदीत पातेलं ठेवून गार केलं. तोवर उन्हं उतरली होती आणि बाप कामावरून आला होता. तो पायरीवरच थांबला.

टीचर पहिला पेला प्यायल्या. दुसरा सानिकाने स्वतः भरून घेतला. ती प्यायली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा प्यायली. पेला रिकामा झाल्यावर तिने तो परत भरला आणि बापापुढे नेला. "तूंय पी," ती म्हणाली. "फाल्यां सावन हेंच व्हर." उद्यापासून कामावर हेच पाणी न्यायचं.

"सांगचें हें," टीचर त्याला म्हणाल्या. "तिका सांग, उदक वायट आसा, आनी आमी तें अशें करून पितात."

त्याने पेला घेतला. जन्मापासून त्याच विहिरीचं पाणी तो कधी न बघता प्यायला असेल. आता त्याने पेला उजेडाकडे धरला आणि आत बघत राहिला. एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा वरच्या डोंगराकडे. मग सावकाश प्यायला.

निघालो तेव्हा सानिका आजीला वाळू कशी धुवायची ते सांगत होती. उतारावर आल्यावर टीचरांनी मला स्कूटर थांबवायला सांगितली. त्या खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"त्याचे डोळे बघितलेस?" त्यांनी विचारलं. "मुलीच्या डोळ्यांतली भीती आज मी बापाच्या डोळ्यांत घातली."

"नाही टीचर," मी म्हटलं. "तो प्यायला ना."

"घातली," त्या म्हणाल्या. "आता उद्या परत यायला हवं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही गेलो. बाप अंगणात होता. त्याने शेजारच्या दोन घरांतली मडकी आणून ओळीने मांडली होती, आणि भोक पाडायला कुठून सुरुवात करायची ते त्याला समजत नव्हतं.